जागा आधी, वर्ग नंतर : अमेरिकेतील ‘इयर अप’ प्रशिक्षणाचे प्रकरण

अमेरिकेतील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतून आलेल्या २,५४४ तरुण-तरुणींची २०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत विभागणी करण्यात आली. सगळ्यांनी एकाच प्रशिक्षणासाठी अर्ज केले होते आणि सगळे एकाच निवडप्रक्रियेतून पार पडून पात्र ठरले होते; तरीही त्यांपैकी १,६६९ जणांना प्रवेश मिळाला आणि ८७५ जणांना तो नाकारला गेला. या विभागणीनंतरच्या सहाव्या आणि सातव्या तिमाहीतील कमाई सरकारी नोंदींवरून तपासली, तेव्हा पहिल्या गटाची सरासरी तिमाहीला ५,४५४ डॉलर आणि दुसऱ्या गटाची ३,५५९ डॉलर निघाली. फरक १,८९५ डॉलरांचा, म्हणजे ५३ टक्क्यांचा. रोजगार-प्रशिक्षणाच्या मूल्यमापनात बहुतेक वेळा फरक दिसतच नाही, आणि दिसला तरी वर्ष-दोन वर्षांत विरून जातो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्यांचे वजन वेगळे सांगावे लागत नाही.

हे प्रशिक्षण म्हणजे ‘इयर अप’. माहिती-तंत्रज्ञान आणि वित्तीय कामकाज या क्षेत्रांत ज्यांचे प्रमाण अत्यल्प आहे अशा, बहुसंख्येने कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांशी नाते असलेल्या), तरुणांना एका वर्षात पहिल्या कार्यालयीन नोकरीपर्यंत नेणारा हा उपक्रम आहे. त्याविषयी लिहिताना साधारणपणे शिस्त, जिद्द आणि मार्गदर्शक यांचे कौतुक होते. ते अस्थानी नाही. मात्र या प्रकरणाचा गाभा मला दुसरीकडे दिसतो: इथे मुलांना आधी शिकवून मग नोकरी शोधली जात नाही, आधी मालकाकडे जागा पक्की केली जाते, तिचे पैसे त्याच्याकडून घेतले जातात, आणि त्या जागेला साजेल असा वर्ग भरवला जातो. या एका गोष्टीतून उपक्रमाचे बहुतेक गुण निघतात आणि त्याच्या मर्यादाही तिथूनच निघतात.

पार्श्वभूमी

संस्थापक जेरल्ड चर्टेव्हियन हे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कमधील एका बँकेत नोकरीला होते. त्या काळात त्यांनी एका स्वयंसेवी योजनेतून मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातील एका दहा वर्षांच्या मुलाच्या ‘मोठ्या भावाची’ जबाबदारी घेतली आणि दर शनिवारी ते त्याच्याकडे जाऊ लागले. हुशार, कामसू मुले आणि बऱ्या पगाराच्या नोकऱ्या एकाच शहरात काही मैलांच्या अंतराने राहतात, पण त्यांची गाठ पडत नाही, हे त्यांना तिथे दिसले. पुढे हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकून त्यांनी लंडनमध्ये भागीदारीत एक तंत्रज्ञान कंपनी काढली, १९९९ मध्ये ती विकली, आणि २००० साली बोस्टनमध्ये ‘इयर अप’ची स्थापना केली. पहिल्या तुकडीत २२ जण होते.

शनिवारच्या भेटींची हकिकत संस्थेच्या प्रत्येक परिचयात येते. तिच्यापेक्षा मला त्यांचा व्यवसाय अधिक बोलका वाटतो. कंपन्यांना तंत्रज्ञानाची सेवा विकण्यात ज्याची काही वर्षे गेली आहेत, तो माणूस मोठ्या कंपनीच्या व्यवस्थापकाकडे दान मागायला जात नाही. त्याची कोणती अडचण आपण पैसे घेऊन सोडवू शकतो, हे तो आधी विचारतो. समाजकार्याच्या पठडीतून आलेल्या व्यक्तीला हा प्रश्न सुचला असता की नाही, याविषयी मला शंका आहे.

अडचण खरीच होती. संगणक दुरुस्त करणे, नव्या कर्मचाऱ्याचे खाते उघडून देणे, हेल्पडेस्कवर येणाऱ्या तक्रारींची वर्गवारी करून त्या मार्गी लावणे, अशी कामे प्रत्येक मोठ्या कंपनीत शेकड्याने असतात आणि त्यांना चार वर्षांच्या पदवीची गरज नसते. तरीही जाहिरातीत पदवीची अट टाकण्याची सवय अमेरिकेत वाढत गेली, कारण शेकडो अर्जांची चाळणी करण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होता. नोकरीच्या जाहिरातींचे विश्लेषण करणाऱ्या बर्निंग ग्लास या संस्थेने २०१४ मध्ये दाखवून दिले की, कार्यकारी सचिव व सहायक या पदांच्या जाहिरातींपैकी ६५ टक्के जाहिराती पदवी मागत होत्या, पण प्रत्यक्ष त्या पदांवर काम करणाऱ्यांपैकी केवळ १९ टक्क्यांकडे ती होती. हेल्पडेस्कच्या बाबतीत तर पदवी मागणाऱ्या आणि न मागणाऱ्या जाहिरातींमध्ये अपेक्षित कौशल्यांची यादी जवळजवळ सारखीच आढळली. म्हणजे ज्या मुलाला घरच्या परिस्थितीमुळे सामुदायिक महाविद्यालय (दोन वर्षांचे, कमी शुल्काचे स्थानिक महाविद्यालय) अर्ध्यावर सोडावे लागले, त्याला काम येत नव्हते म्हणून नाकारले जात होते असे म्हणता येत नाही. त्याचा अर्ज माणसाच्या नजरेपर्यंत पोचतच नव्हता.

या अडथळ्यावर ‘अधिक शिकवा’ हा उपाय पुरेसा नाही, कारण कौशल्य कितीही वाढवले तरी चाळणी तशीच राहते. चाळणीला वळसा घालायचा असेल, तर अर्जाच्या आधीच त्या माणसाला मालकाच्या कार्यालयात बसवावे लागते.

वर्षाची रचना

२०१३-१४ च्या सुमारास प्रवेशाच्या अटी थोड्या होत्या. वय १८ ते २४, माध्यमिक शाळेचा दाखला किंवा त्याच्या तोडीची परीक्षा, मर्यादित कौटुंबिक उत्पन्न, आणि देशात नोकरी करण्याचा कायदेशीर हक्क. प्रशिक्षण विनामूल्य आहे. उलट प्रशिक्षणार्थ्यांना दर आठवड्याला अल्पसे विद्यावेतन मिळते. अर्ज, निबंध आणि मुलाखती असे निवडीचे अनेक टप्पे असतात, आणि त्यांत आधीच्या गुणांपेक्षा वर्षभर टिकून राहण्याची तयारी अधिक पाहिली जाते.

पहिले सहा महिने वर्गाचे. सुमारे चाळीस जणांचा एक गट पूर्ण वेळ एकत्र शिकतो. मूल्यमापनाच्या काळात माहिती-तंत्रज्ञान आणि वित्तीय कामकाज हे प्रमुख विषयप्रवाह होते. तंत्रज्ञानाच्या प्रवाहात संगणकाची जोडणी व दुरुस्ती, कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) बसवणे, नेटवर्कची प्राथमिक ओळख आणि कार्यालयीन सॉफ्टवेअर शिकवले जाई. त्याच्या बरोबरीने व्यावसायिक लेखन आणि व्यावसायिक वर्तन हे विषय असत, आणि त्यांना दिलेला वेळ तांत्रिक विषयांपेक्षा फारसा कमी नव्हता. बैठकीत मत कसे मांडावे, ईमेलला उत्तर कसे द्यावे, काम समजले नाही तर ते कोणत्या शब्दांत सांगावे, वरिष्ठाने चूक दाखवली तर चेहरा कसा ठेवावा, या गोष्टी ज्यांच्या आई-वडिलांनी कार्यालयात नोकऱ्या केल्या आहेत ती मुले जेवणाच्या टेबलावर ऐकून शिकतात. बाकीच्यांना त्या कोणीतरी शिकवाव्या लागतात, आणि अमेरिकेतील बहुतेक तंत्रशिक्षण-वर्ग त्या शिकवत नाहीत. भागीदार महाविद्यालयांमार्फत या अभ्यासाचे काही श्रेयांकही (पदवीसाठी मोजली जाणारी क्रेडिट) मिळतात.

पुढचे सहा महिने इंटर्नशिपचे. वित्तसंस्था, तंत्रज्ञान कंपन्या, रुग्णालये अशा मोठ्या आस्थापनांमध्ये प्रशिक्षणार्थी पूर्ण वेळ काम करतात आणि आठवड्यातून एकदा काही तास आपल्या गटाकडे परत येतात. हे परत येणे किरकोळ वाटते, पण तसे नाही. शेकडो माणसांच्या कार्यालयात आपल्यासारखे आपण एकटेच आहोत ही जाणीव पहिल्या काही आठवड्यांत माणसाला गप्प करून टाकते, आणि गप्प बसलेला नवखा कर्मचारी वरिष्ठाला निरुत्साही वाटतो. आठवड्यातून एकदा चाळीस जणांपुढे ‘मलाही तसेच वाटले’ हे ऐकायला मिळाले, की हे चक्र बऱ्याच वेळा तिथेच थांबते.

प्रत्येकामागे संस्थेतील एक सल्लागार आणि बाहेरचा एक स्वयंसेवी मार्गदर्शक असतो, आणि केंद्रात समाजकार्याचे प्रशिक्षण घेतलेली माणसे असतात. घर सुटणे, लहान भावंडांची किंवा स्वतःच्या मुलाची जबाबदारी, आजारपण, न्यायालयातील तारीख ही कारणे या वयोगटात प्रशिक्षण मधेच सुटण्यामागे वारंवार दिसतात, आणि अध्यापनाच्या दर्जाने त्यांवर काहीच फरक पडत नाही.

करारनामा

या प्रकरणातील सर्वांत वादग्रस्त आणि माझ्या मते सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग म्हणजे पहिल्याच आठवड्यात सही करून घेतला जाणारा करारनामा. प्रत्येकाच्या खात्यावर सुरुवातीला ठरावीक गुण जमा असतात. उशिरा येणे, न कळवता गैरहजर राहणे, गृहपाठ न देणे, पोशाखाचा नियम मोडणे, यांसाठी गुण कापले जातात आणि त्या प्रमाणात विद्यावेतनही घटते; एखादा आठवडा चोख गेला तर काही गुण परत मिळतात. गुण संपले की प्रशिक्षण संपते. संस्थेच्या भाषेत त्या व्यक्तीने ‘स्वतःलाच कामावरून काढले’ असे म्हटले जाते.

हा शब्दप्रयोग मला खटकतो. ज्या मुलीची बस दर सोमवारी उशिरा येते, तिने स्वतःलाच काढले असे म्हणणे म्हणजे शहराच्या वाहतूक-व्यवस्थेचा दोष तिच्या नावावर लिहिणे. तरीही योजनेची आतली रचना पाहिली, की तिच्यामागचा विचार पटू लागतो. एक तर दंड लहान, तात्काळ आणि आधी सांगितलेला असतो. त्यामुळे पहिल्या उशिरालाच सल्लागाराशी बोलणे होते आणि अडचण बसची असेल तर बसवर उपाय शोधला जातो. नेहमीच्या नोकरीत हेच उशीर कोणी बोलून न दाखवता मनात साठवतो, आणि तिसऱ्या महिन्यात एका वाक्यात नोकरी जाते. दुसरे म्हणजे नियम सर्वांना सारखे आणि लेखी असतात. प्रशिक्षकाची मर्जी त्यांत येत नाही. ज्यांनी शाळेत ‘या मुलांकडून काय अपेक्षा ठेवायची’ असा सूर आयुष्यभर ऐकला आहे, त्यांना कोणीतरी आपल्याकडून कडक अपेक्षा ठेवतो आहे आणि त्याच वेळी त्या पूर्ण करण्यासाठी मदतही करतो आहे, हा अनुभव नवा असतो. संस्था यालाच ‘अपेक्षा मोठी, आधारही मोठा’ असे म्हणते. आधार नसता तर हीच गुणपद्धत निव्वळ गाळणी झाली असती.

दर शुक्रवारी गट वर्तुळात बसतो आणि एकमेकांविषयी, प्रशिक्षकांसह, चांगले आणि सुधारण्याजोगे मोकळेपणाने सांगतो. उत्तर देताना स्वतःचे समर्थन करायचे नाही, आभार मानायचे, असा शिरस्ता आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हे नाटकी वाटू शकते. मात्र वार्षिक कामगिरी-आढाव्याच्या खोलीत पहिल्यांदाच टीका ऐकणाऱ्या नवख्याचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा सराव वेळखाऊ वाटणार नाही.

एक आक्षेप मात्र शिल्लक राहतो आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. बदलायचे कोणी? बोलण्याची ढब, पोशाख, हस्तांदोलन, नजरेला नजर देणे, हे सगळे तरुणाने आत्मसात करायचे. ज्या कार्यालयाने या ढबीखेरीज कोणाला आत घेतले नाही, त्याच्यावर कोणताच करारनामा नाही. प्रशिक्षणाच्या बाजूने असे उत्तर देता येते की, कार्यालय बदलेपर्यंत थांबण्याची चैन या मुलांना परवडत नाही, आणि घरची बोली सोडा असे कोणी सांगत नाही. कार्यालयाची आणखी एक बोली शिका, एवढेच सांगितले जाते. उत्तर व्यवहार्य आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. पैशाची बाजू पाहिली की तो का सुटत नाही हेही कळते.

पैसा कुठून येतो

मूल्यमापनाच्या काळात एका प्रशिक्षणार्थ्यामागे सरासरी २८,२९० डॉलर खर्च येत होता. अमेरिकेतील अल्पकालीन रोजगार-प्रशिक्षणाच्या मानाने ही रक्कम फार मोठी आहे, आणि सरकारी अनुदानावर तेवढा खर्च करणारा उपक्रम टिकणे कठीण असते. इथे तो टिकला, कारण त्यातील ५९ टक्के रक्कम इंटर्न घेणाऱ्या कंपन्यांनी मोजली. उरलेला बहुतांश भाग प्रतिष्ठाने आणि खासगी देणगीदारांकडून आला. सरकारी वाटा नगण्य होता.

५९ टक्के म्हणजे माणशी जवळजवळ १६,७०० डॉलर. कंपनी ही रक्कम संस्थेला देते आणि तिच्या बदल्यात तिला सहा महिन्यांचे काम मिळते. शिवाय तो माणूस कायम करण्याजोगा आहे की नाही, हे मुलाखतीवर विसंबून न राहता पाहून ठरवण्याची सोय मिळते. याला दान म्हणता येत नाही. भरतीसंस्थेला दलाली देणे, चुकीची निवड झाली तर ती निस्तरणे, आणि हेल्पडेस्कवरची पदवीधर माणसे वर्षभरात कंटाळून सोडून गेली की पुन्हा भरती करणे, या खर्चांशी तुलना करूनच कंपनी हा व्यवहार करते.

या व्यवहाराचा परिणाम वर्गापर्यंत पोचतो, आणि मला तो निर्णायक वाटतो. ज्या प्रशिक्षणसंस्थेला अनुदान प्रवेशसंख्येवर मिळते, तिचे लक्ष प्रवेशाकडे राहते. जिला अनुदान प्रमाणपत्रांवर मिळते, ती प्रमाणपत्रे वाटते. इथे संस्थेची निम्म्याहून अधिक कमाई सातव्या महिन्यात एका कंपनीच्या मजल्यावर बसलेल्या विद्यार्थ्याच्या कामावर अवलंबून आहे. तो तिथे कमी पडला तर पुढच्या तुकडीला त्या कंपनीत जागा मिळणार नाही. त्यामुळे कोणते सॉफ्टवेअर शिकवायचे, लेखनाला किती तास द्यायचे, कोणता विषय बंद करायचा, या प्रश्नांची उत्तरे अभ्यासमंडळाच्या बैठकीची वाट पाहत नाहीत. जिला अभ्यासक्रमाचे अद्ययावतीकरण म्हणतात ती गोष्ट इथे विक्रीविभागाकडून येते.

तीच साखळी उलट दिशेनेही काम करते. ग्राहक कंपनी असल्यामुळे तिला न रुचणारी गोष्ट सांगणे अवघड होते. तुमच्या कार्यालयातील वागणूक या मुलांना टिकू देत नाही, तुमचा अमुक विभागप्रमुख बदला, असे पैसे देणाऱ्याला किती ठणकावून सांगता येईल? करारनामा एकाच बाजूवर का आहे, याचे बरेचसे उत्तर ५९ टक्के या आकड्यात आहे. संस्थेने या मर्यादेवर एक वेगळा मार्ग काढला. २०१४ पासून ‘ग्रॅड्स ऑफ लाइफ’ या नावाच्या प्रचारमोहिमेतून तिने मालकवर्गाला पदवीची अट शिथिल करण्याविषयी जाहीरपणे सांगायला सुरुवात केली. जे एका ग्राहकाला तोंडावर सांगता येत नाही ते सगळ्यांना मिळून सांगता येते. युक्ती चतुर आहे, पण ती कोणाला बांधील करत नाही.

मोजणी

अमेरिकेच्या आरोग्य व मानवसेवा विभागाने नऊ करिअर-प्रशिक्षणांच्या मूल्यमापनाचा एक मोठा प्रकल्प हाती घेतला, आणि त्याचे काम ॲब्ट असोसिएट्स या संशोधनसंस्थेकडे दिले. ‘इयर अप’ हे त्या नऊपैकी एक. बोस्टन, प्रॉव्हिडन्स, न्यूयॉर्क, शिकागो, अटलांटा, सिॲटल, वॉशिंग्टन आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातील केंद्रे त्यात होती.

यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, विभागणीचा आग्रह इथे का आवश्यक होता, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. ज्या संस्थेकडे निवडप्रक्रियाच कडक आहे, तिच्या माजी विद्यार्थ्यांची कमाई शेजारच्या मुलांपेक्षा अधिक असणारच. निवडीचे सगळे टप्पे पार करून आलेला तरुण प्रशिक्षणाशिवायही काही ना काही करून पुढे गेला असता. संस्थांच्या वार्षिक अहवालांमध्ये छापले जाणारे ‘इतके टक्के विद्यार्थी नोकरीत’ हे आकडे म्हणूनच फारसे काही सिद्ध करत नाहीत. या अभ्यासात तुलनेसाठी घेतलेले ८७५ जणही त्याच टप्प्यांतून आलेले होते, त्यांना इतरत्र शिकण्याची वा नोकरी करण्याची पूर्ण मुभा होती, आणि अनेकांनी तसे केलेही. त्यांच्या पुढे ५३ टक्के जाणे ही वेगळी गोष्ट आहे.

आकड्यांकडे पुन्हा एकदा शांतपणे पाहिले तर आणखी दोन गोष्टी दिसतात. तिमाहीचे ५,४५४ डॉलर म्हणजे वर्षाचे सुमारे २१,८०० डॉलर. ज्यांना त्या काळात नोकरी नव्हती त्यांची शून्य कमाईही या सरासरीत आहे आणि प्रशिक्षण अर्धवट सोडलेलेही आहेत, हे खरे. पण बोस्टन किंवा न्यूयॉर्कमध्ये एवढ्या उत्पन्नात घर चालत नाही. टक्केवारी मोठी दिसते त्याचे एक कारण तुलनेचा पाया फार खाली आहे हे आहे. दुसरी गोष्ट प्रशिक्षणाच्या वर्षाची. ते वर्ष चालू असताना प्रवेश मिळालेला गट तुलना-गटापेक्षा कमी कमावत होता, कारण तुलना-गटातील मुले तेव्हा जी मिळेल ती नोकरी करत होती. विद्यावेतनाने ही खोट काही अंशी भरून निघते, पूर्णपणे नाही. ज्या घराला या मुलाच्या पगाराची याच महिन्यात गरज आहे, त्या घराला हे विनामूल्य प्रशिक्षणही महागात पडते, आणि असे घर अर्जच करत नाही.

खर्चाचा हिशेब मी माझ्यापुरता असा मांडून पाहिला. तिमाहीचा फरक वर्षावर नेला तर तो ७,५८० डॉलर होतो. पूर्ण २८,२९० डॉलर खर्च धरला, तर तो भरून निघायला पावणेचार वर्षांच्या आसपास लागतात. कंपन्यांनी मोजलेली रक्कम कामाचा मोबदला म्हणून वेगळी काढली आणि फक्त देणगीतून आलेले सुमारे ११,६०० डॉलर धरले, तर दीड वर्षात हिशेब चुकता होतो. प्रशिक्षणाच्या वर्षातील बुडालेली कमाई यात धरलेली नाही, म्हणून दोन्ही मुदती थोड्या लांबतील. पुढील पाहणीत हा फरक काही वर्षे, दरसाल सात ते आठ हजार डॉलरांच्या आसपास, टिकून राहिल्याचे दिसले, आणि त्यामुळे हा हिशेब कागदी राहिला नाही. महाविद्यालयीन शिक्षणावर मात्र त्या तोडीचा परिणाम आढळला नाही. श्रेयांकांची सोय असूनही बहुतेकांना या प्रशिक्षणाने पदवीकडे नेले नाही. त्याने त्यांना नोकरीकडे नेले. हेल्पडेस्कवरून पुढच्या पायरीवर जाताना पदवीची अट पुन्हा आडवी येते, तेव्हा याचे महत्त्व कळते.

वाढीचा पेच

सुमारे तीन-चतुर्थांश प्रशिक्षणार्थी वर्ष पूर्ण करतात. इतके यशस्वी प्रारूप हातात असताना ते दहापट का वाढवले जात नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर शीर्षकात आले आहे. तुकडी किती मोठी करायची हे अर्जांच्या संख्येवर ठरत नाही, ते किती कंपन्या किती इंटर्नचे पैसे भरायला तयार आहेत यावर ठरते. शिक्षक वाढवता येतात, इमारती भाड्याने घेता येतात, पण त्यांच्या जोरावर जागा वाढत नाहीत. बाजार तेजीत असला की जागा मिळतात, तेव्हा मुलांनाही अन्यत्र थोडीफार कामे मिळत असतात. मंदीत, जेव्हा या प्रशिक्षणाची गरज सर्वाधिक असते, नेमक्या तेव्हा कंपन्या पहिली काटछाट इंटर्नवर करतात. निम्म्याहून अधिक पैसा बाजारातून घेणाऱ्या संस्थेला बाजाराच्या लहरीपासून सुटका नाही.

खर्च कमी करण्याच्या प्रयत्नांत संस्थेने सामुदायिक महाविद्यालयांच्या आवारात भरणारे एक वेगळे प्रारूप उभे केले. इमारत, वर्ग आणि काही शिक्षक महाविद्यालयाचे, सल्लागार आणि इंटर्नशिप संस्थेची, अशी ती विभागणी. वर्गाचा खर्च त्यात खरोखरच घटतो. मात्र प्रशिक्षणार्थी एकाच वेळी महाविद्यालयाचा विद्यार्थी आणि संस्थेचा उमेदवार होतो, त्याला दोन वेळापत्रके आणि दोन प्रकारचे नियम सांभाळावे लागतात, आणि चाळीस जणांच्या गटाची जी घट्ट वीण मूळ प्रारूपात होती ती मोठ्या आवारात सैल पडते. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे सगळे वर्ग रातोरात ऑनलाइन न्यावे लागले, तेव्हाही गटाची वीण कशी टिकवायची हाच प्रश्न वेगळ्या रूपात पुढे आला.

खर्चाच्या दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सुरू झालेली पर स्कोलास ही संस्था आहे. तिचे तांत्रिक प्रशिक्षण महिन्यांत मोजण्याइतके छोटे असते, ते मान्यताप्राप्त तांत्रिक प्रमाणपत्रावर भर देते, आणि यादृच्छिक पद्धतीने झालेल्या मूल्यमापनात तिच्याही विद्यार्थ्यांची कमाई वाढलेली दिसली. म्हणजे या मुक्कामाला जाणारा रस्ता एकच नाही. पर स्कोलासमध्येही कंपन्यांशी सतत संपर्क हा कामाचा मोठा भाग आहे, हे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे; प्रमाणपत्र तिथे चाळणीतून पार पडण्याचे साधन होते, तर इथे इंटर्नशिप.

‘इयर अप’च्या निष्कर्षांचा उपयोग करू पाहणाऱ्याने एक बाब विसरू नये. मोजलेला परिणाम निवडप्रक्रिया पार करणाऱ्यांवरचा आहे. ज्यांची शाळाच सुटली आहे, जे व्यसनाशी किंवा बेघरपणाशी झुंजत आहेत, ज्यांना वर्षभर पूर्ण वेळ देणे शक्य नाही, त्यांच्याविषयी हा अभ्यास काहीच सांगत नाही, आणि कंपनीला माणूस पुरवण्याचे वचन दिलेली संस्था त्यांना सहजी आत घेऊही शकत नाही. कंपनीच्या पैशामुळे प्रशिक्षणाचा दर्जा टिकतो, आणि त्याच पैशामुळे उंबरठा खाली आणता येत नाही.

निवडप्रक्रिया पार करूनही परत गेलेल्या त्या ८७५ जणांचे अर्ज, निबंध आणि मुलाखतींचे शेरे प्रवेश मिळालेल्या १,६६९ जणांच्या कागदांशेजारी ठेवले, तर कोणते कोणाचे हे ओळखता येणार नाही. विभागणी यादृच्छिक होती याचा अर्थच तो आहे. त्यांच्या कमाईची सरासरी तिमाहीला ३,५५९ डॉलरच राहिली.